१५३ दिवस घेतले, १११ उरले : एका विद्यार्थी-प्रकल्पाची चिरफाड

संख्याशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाची ब्लॅकबुक, म्हणजे प्रकल्पाचा बांधलेला अहवाल. पहिल्याच पानावर लिहिलंय, ‘१५३ दिवसांच्या नोंदींचा अभ्यास’. रिग्रेशनच्या (काही राशींवरून एका राशीचा अंदाज बांधणाऱ्या समीकरणाच्या) कोष्टकाखाली मात्र डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे ओळींच्या संख्येतून सहगुणक वजा करून उरणारा आकडा, १०७. व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षक मनातल्या मनात बेरीज करतात: १०७ अधिक चार सहगुणक (स्थिरांक धरून), म्हणजे १११ ओळी. आणि विचारतात, “उरलेले ४२ दिवस कुठे गेले?”

गटातल्या चौघांनाही उत्तर देता येत नाही, कारण ते दिवस त्यांनी काढलेलेच नसतात. ते सॉफ्टवेअरने काढलेले असतात. त्याने तसं सांगितलेलंही असतं, पण निकालाच्या तळाशी, कंसातल्या एका ओळीत. कोष्टक वर्डमध्ये चिकटवताना नेमकी तीच ओळ गळते.

इथला गट नमुन्याचा आहे, कुठल्या एका कॉलेजचा नाही. माहिती मात्र खरी आहे आणि ‘आर’ हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर बसवलेल्या कुठल्याही संगणकावर ती आधीच असते. ‘एअरक्वालिटी’ एवढं नाव टाइप केलं की समोर येते. त्यामुळे खालचा प्रत्येक आकडा स्वतः काढून ताडून बघता येईल.

माहिती कसली आहे

न्यूयॉर्क शहर, १ मे ते ३० सप्टेंबर १९७३. दिवसाला एक ओळ, एकूण १५३ ओळी आणि सहा रकाने: ओझोन, सौर किरणोत्सर्ग, वारा, तापमान, महिना, दिवस. प्रकल्पाचा प्रश्न सरळ आहे: जमिनीलगतचा ओझोन हवामानावर किती अवलंबून असतो?

रकान्यांची नावं वाचून मुलं थेट आलेखांकडे वळतात. मदतीचं पान उघडलं असतं तर पुढच्या निम्म्या चुका टळल्या असत्या. ओझोनचा आकडा म्हणजे रूझवेल्ट आयलंडवर दुपारी १ ते ३ या वेळेतली सरासरी, पीपीबीमध्ये (हवेच्या अब्ज भागांत किती भाग). सौर किरणोत्सर्ग सकाळी ८ ते १२ या वेळेतला, सेंट्रल पार्कमधला, लँग्ली या एककात. वारा म्हणजे सकाळी ७ आणि १० वाजताच्या नोंदींची सरासरी, ताशी मैलांत, आणि तीही लाग्वार्डिया विमानतळावरची. तापमान तिथलंच, दिवसाचं कमाल, फॅरनहाइटमध्ये.

म्हणजे तीन वेगळ्या जागा आणि वेगवेगळ्या वेळा. सकाळी विमानतळावर मोजलेला वारा दुपारच्या बेटावरच्या ओझोनबद्दल बरंच सांगतो, पण सगळं सांगत नाही. अहवालात ‘मर्यादा’ या मथळ्याखाली ‘वेळ कमी होता’ असं लिहिण्याऐवजी हे लिहायला हवं.

फॅरनहाइटकडे लक्ष न गेल्यामुळे ‘सरासरी तापमान ७७.८८ अंश सेल्सिअस’ असं छापलेलं वाक्यही असतं. त्या तापमानाला माणसं तगली नसती. ७७.८८ फॅरनहाइट म्हणजे साधारण २५.५ सेल्सिअस.

पहिला घोटाळा एक्सेलमध्येच

गटातल्या दोघांना आर जमत नाही, म्हणून माहिती सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून एक्सेलमध्ये उघडली जाते. नोंद नाही तिथे आर ‘एनए’ ही दोन अक्षरं लिहितं. एक्सेलच्या दृष्टीने तो मजकूर. सरासरीचं सूत्र मजकूर गुपचूप वगळतं, त्यामुळे ओझोनची सरासरी ४२.१३ अशी बरोबर येते आणि कुणाला शंका येत नाही. पण डेटा ॲनालिसिसमधलं रिग्रेशन चालवलं की रकान्यात संख्येखेरीज काहीतरी आहे म्हणून ते अडून बसतं. मग सगळ्यात सोपा उपाय सुचतो: फाइंड अँड रिप्लेस, एनएच्या जागी शून्य.

इथे प्रकल्प बिघडला. ओझोनच्या ३७ नोंदी गहाळ आहेत. त्या शून्य केल्या की सरासरी ४२.१३ वरून ३१.९४ वर घसरते. त्याहून वाईट म्हणजे जून महिना. जूनच्या ३० दिवसांपैकी २१ दिवसांचा ओझोन नोंदलेलाच नाही. उरलेल्या नऊ दिवसांची बेरीज २६५, सरासरी २९.४४. शून्यं भरल्यावर हीच बेरीज ३० ने भागली जाते आणि सरासरी येते ८.८३. स्तंभालेखात जून सगळ्यात स्वच्छ हवेचा महिना दिसतो आणि मुलं त्यामागची कारणंही शोधून काढतात.

शून्य पुढेही त्रास देतं. ओझोनचा लॉग घ्यायची वेळ आली की शून्याचा लॉग उणे अनंत येतो आणि आर चूक दाखवून थांबतं. मग कुणीतरी सुचवतं, सगळ्या आकड्यांत एक मिळवून लॉग घेऊ. एक चूक झाकायला दुसरी. खरं तर या माहितीत ओझोनचा सर्वांत लहान आकडा १ आहे. शून्य एकही नाही, त्यामुळे काही मिळवायची गरजच नाही.

शून्य चालत नाही हे कळल्यावर बरेच गट गहाळ जागी सरासरी भरतात. शून्यापेक्षा हे सभ्य दिसतं, पण ३७ दिवसांना एकच आकडा ४२.१३ चिकटवल्यामुळे प्रमाण विचलन ३२.९९ वरून २८.६९ वर येतं. मुळात जेवढी चढउतार होती ती कृत्रिमरीत्या दाबली जाते आणि पुढची प्रत्येक चाचणी फाजील आत्मविश्वासाने बोलते. जूनची सरासरी आता ३८.३ होते. एकाच महिन्याची तीन उत्तरं: ८.८, २९.४ आणि ३८.३. तिन्ही सॉफ्टवेअरनेच काढलेली.

फाइल परत आरमध्ये वाचताना आणखी एक पाहुणा शिरतो. सीएसव्हीत उतरवताना ओळींचे क्रमांकही उतरतात आणि वाचताना त्यांचा ‘एक्स’ नावाचा नवा रकाना होतो. उतरवतानाच ओळींची नावं बंद करावीत. आणि कुणी गहाळ जागी आडवी रेघ किंवा ‘निरंक’ लिहिलं असेल तर अख्खा रकाना मजकूर होतो. किरणोत्सर्गाच्या रकान्याचं असं झालं तर रिग्रेशन प्रत्येक वेगळ्या आकड्याला स्वतंत्र गट समजतं आणि कोष्टक पानंच्या पानं लांबतं. म्हणून फाइल वाचली की आधी रचना तपासायची: सहाच्या सहा रकाने संख्या आहेत का, आणि ओझोनमध्ये ३७ व किरणोत्सर्गात ७ जागा रिकाम्या दिसतात का. हे दोन आकडे जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

जूनचं काय करायचं

गहाळ नोंदींचा महिनावार हिशेब मांडला तर चित्र स्पष्ट होतं. मे, जुलै आणि ऑगस्टमध्ये पाच-पाच, सप्टेंबरमध्ये एक आणि जूनमध्ये २१. जूनमध्येही त्या विखुरलेल्या नाहीत: १ ते ६ जून सलग आणि २१ ते ३० जून हे दहा दिवस सलग. हाताला लागलेले नऊ दिवस ७ ते २० जून या चौदा दिवसांतले आहेत. म्हणजे ‘जूनचा ओझोन’ असं जे आपण म्हणतो, तो जूनच्या मधल्या पंधरवड्याचा आहे.

शिवाय ११ आणि १२ जूनला तापमान ९३ आणि ९२ फॅरनहाइट होतं, आणि नेमका त्या दिवशी ओझोन नोंदलेला नाही. पुढे काढलेलं समीकरण ११ जूनला ओझोन साधारण ६८ पीपीबी असेल असं सांगतं. सरासरी भरणाऱ्यांनी तिथे ४२ लिहिलेलं असतं. उन्हाळ्यातल्या तापलेल्या दिवसाला साधारण दिवसाचा आकडा.

पदवीच्या प्रकल्पात मल्टिपल इंप्युटेशनपर्यंत (गहाळ जागा अनेकदा, वेगवेगळ्या संभाव्य आकड्यांनी भरून बघण्यापर्यंत) जायची गरज नाही. जमत असेल तर जरूर करावं. पण ‘जूनसाठी नऊच दिवस उपलब्ध, म्हणून जूनबद्दल स्वतंत्र निष्कर्ष काढलेला नाही’ हे एक वाक्य लिहिणं कुणालाही जमतं, आणि आमच्या मते या प्रकल्पातलं ते सगळ्यात मोलाचं वाक्य आहे.

महिन्यांची तुलना आणि एक डिग्री ऑफ फ्रीडम

महिनावार सरासरी: मे २३.६, जून २९.४, जुलै ५९.१, ऑगस्ट ६०.०, सप्टेंबर ३१.४. फरक डोळ्यांना दिसतो, आता ॲनोव्हा, म्हणजे गटांच्या सरासऱ्यांतला फरक तपासणारी चाचणी. पण महिना या माहितीत ५ ते ९ अशा संख्यांत आहे. तसाच दिला तर आर त्याला संख्याच समजतं, पाच गटांची तुलना करण्याऐवजी एक सरळ रेषा बसवतं आणि कोष्टकात महिन्यासमोर डिग्री ऑफ फ्रीडम १ दाखवतं. पाच गट असतील तर तिथे एक कमी, म्हणजे ४ यायला हवे. व्हायवात पकडली जाणारी ही सगळ्यात स्वस्त चूक.

महिन्याला आधी ‘फॅक्टर’ (संख्या नव्हे, गटाचं नाव) केलं की ४ आणि १११ डिग्रीजवर चाचणीचा आकडा एफ ८.५४ येतो, पी-मूल्य (खरा फरक नसताना योगायोगाने एवढा मोठा आकडा येण्याची शक्यता) ०.०००००५ च्या आसपास. मात्र ओझोनचं वितरण उजवीकडे लांबलेलं आहे (सरासरी ४२.१३, मध्यक ३१.५, कमाल १६८) आणि महिन्यामहिन्याची चढउतारही सारखी नाही. म्हणून जोडीला आकड्यांऐवजी त्यांच्या क्रमवारीवर चालणारी क्रुस्कल-वॉलिस चाचणी द्यावी: काय-वर्ग २९.२७, डिग्रीज ४, पी-मूल्य ०.०००००७. दोन्ही एकच सांगतात, तेव्हा वाद मिटतो.

महिना संख्या म्हणून ठेवण्याचा दुसरा फटका रिग्रेशनमध्ये बसतो. ‘सगळे रकाने घे’ या अर्थाचा ठिपका टाकला की महिना आणि तारीखही समीकरणात घुसतात. महिन्याचा सहगुणक उणे ३.०४ येतो, पी-मूल्य ०.०४७, शेजारी लक्षणीयतेची खूण म्हणून एक तारा. ताऱ्याला भुलून ‘दर महिन्याला ओझोन तीन पीपीबीने कमी होतो’ असं लिहिलं जातं. वरच्या सरासऱ्यांकडे नजर टाकली तरी कळतं की ओझोन ऑगस्टपर्यंत चढतो आणि मग उतरतो.

४२ चा हिशेब

ओझोन गहाळ ३७, किरणोत्सर्ग गहाळ ७, बेरीज ४४. त्यातले ५ मे आणि २७ मे हे दोन दिवस दोन्ही यादींत आहेत. म्हणून ४२. एका जरी रकान्यात रिकामी जागा असेल तरी रिग्रेशन ती अख्खी ओळ सोडून देतं. एसपीएसएस हे दुसरं सॉफ्टवेअरही ठरलेल्या मांडणीत हेच करतं. सहसंबंधाच्या कोष्टकात मात्र एसपीएसएस जोडीजोडीने ओळी मोजतं: ओझोन-तापमानासाठी ११६, ओझोन-किरणोत्सर्गासाठी १११, वारा-तापमानासाठी १५३. एकाच कोष्टकात वेगवेगळे नमुने. आरमध्ये सहसंबंध मागितला तर ते सरळ एनए देतं आणि काय करायचं ते तुम्हालाच ठरवायला लावतं. थोडं खडूस वाटतं, पण प्रकल्पासाठी हेच बरं. प्रत्येक कोष्टकाखाली ओळींची संख्या लिहायची सवय लावली तर ही गुंतागुंत आपोआप उघडी पडते.

याच कारणाने दोन समीकरणांची तुलना अडते. फक्त तापमान घेतलेलं समीकरण ११६ ओळींवर बसतं, किरणोत्सर्ग मिसळला की १११ वर. दोघांची ॲनोव्हा मागितली की आर नकार देतं: माहितीचा आकार सारखा नाही. आधी पूर्ण ओळींचाच वेगळा संच करायचा, १११ ओळींचा, आणि सगळी समीकरणं त्याच्यावर बसवायची.

आता मुख्य निकाल. किरणोत्सर्ग, वारा आणि तापमान घेऊन:

ओझोन = −६४.३४ + ०.०५९८ × किरणोत्सर्ग − ३.३३ × वारा + १.६५ × तापमान

आर-वर्ग (ओझोनच्या चढउताराचा समीकरणाने उलगडलेला वाटा) ०.६०६, समायोजित ०.५९५, रेसिड्युअलची (प्रत्यक्ष नोंद उणे भाकीत) प्रमाण त्रुटी १०७ डिग्रीजवर २१.१८. तिन्ही सहगुणक पाच टक्के पातळीवर लक्षणीय आहेत. किरणोत्सर्गाचं पी-मूल्य ०.०११, बाकी दोघांची फारच लहान. व्हीआयएफ तिन्हींचे १.५ च्या आत, म्हणजे बहुसंरेखतेची (हे तीन रकाने एकमेकांशीच फार घट्ट जोडलेले असण्याची) भीती नाही. इथे बहुतेक गट ‘आपला प्रकल्प झाला’ म्हणून बाइंडिंगवाल्याकडे जातात.

समीकरण उणे ओझोन सांगतं तेव्हा

९ मे: किरणोत्सर्ग १९, वारा २०.१, तापमान ६१. समीकरणात घाला. उत्तर उणे २९. प्रत्यक्ष नोंद ८ पीपीबी. हवेत उणे ओझोन नसतो. आर-वर्ग ०.६०६ असलेल्या समीकरणाने हे सांगितलं आहे.

दुसऱ्या टोकाला २५ ऑगस्ट. प्रत्यक्ष ओझोन १६८, समीकरणाप्रमाणे ७२. फरक ९५.६. रेसिड्युअलच्या आलेखावर आर स्वतःच तीन ठिपक्यांना क्रमांक लावून दाखवतं: ११७, ६२ आणि ३०. हे मूळ १५३ ओळींतले क्रमांक आहेत, उरलेल्या १११ मधले नव्हेत. रेसिड्युअलच्या यादीत ११७ वं स्थान शोधायला गेलात तर तिथे काहीच नाही. ११७ म्हणजे २५ ऑगस्ट, ६२ म्हणजे १ जुलै, ३० म्हणजे ३० मे. याच गोंधळातून रेसिड्युअल आणि मूळ तापमान एका आलेखावर काढताना लांबी जुळत नाही अशी तक्रार येते. गहाळ ओळींसाठी ‘एनए डॉट एक्स्क्लूड’ हा पर्याय दिला की रेसिड्युअलची यादी पुन्हा १५३ ची होते आणि रिकाम्या दिवसांपुढे एनए राहतं.

आता त्या तीन दिवसांचा वारा बघा: ३.४, ४.१ आणि ५.७ मैल. एकूण सरासरी ९.९६. तिन्ही दिवस मंद वाऱ्याचे. वारा पडला की ओझोन साचतो, आणि तो सरळ रेषेत साचत नाही. हे आलेख सांगतो, कोष्टक सांगत नाही.

ओझोनचा नैसर्गिक लॉग घेऊन तेच समीकरण पुन्हा बसवलं तर किरणोत्सर्गाचा सहगुणक ०.००२५, वाऱ्याचा −०.०६१६, तापमानाचा ०.०४९२. अर्थ लावणं आता टक्क्यांत. बाकी दोन गोष्टी तशाच ठेवल्या तर तापमान एक फॅरनहाइटने वाढलं की ओझोन साधारण ५ टक्क्यांनी वाढतो (एका सेल्सिअसला ९ टक्क्यांहून थोडा जास्त), आणि वारा ताशी एक मैलाने वाढला की ६ टक्क्यांनी कमी होतो. ९ मेचं भाकीत आता ४.७ येतं, उणे नाही. आरमधला लॉग नैसर्गिक असतो. कॅल्क्युलेटरवरचं लॉगचं बटण दहाच्या पायाचं. पडताळणी जुळत नाही म्हणून रात्र घालवण्यापूर्वी हे आठवावं.

नवा आर-वर्ग ०.६६४. ‘०.६०६ वरून ०.६६४, म्हणून लॉगचं समीकरण सरस’ हे वाक्य मात्र खोडायचं. डावीकडची राशीच बदलली, त्यामुळे ते दोन आकडे वेगवेगळ्या मापपट्ट्यांवरचे आहेत. लॉग निवडायचं कारण रेसिड्युअलच्या आलेखात आहे: पंख्यासारखा पसरत जाणारा आकार आणि उणे भाकितं.

आणि लॉग फुकट मिळत नाही. २१ मेला ओझोन १ होता, लॉग शून्य, भाकीत २.०६. सगळ्यात मोठा रेसिड्युअल आता तिथे आहे. वरची टोकं आवरली तर खालचं एक टोक सुटलं. तो दिवस खोडून टाकू नये. त्याच्यासह आणि त्याच्याशिवाय असं दोनदा समीकरण बसवून दोन्ही सहगुणक शेजारी छापावेत.

नोंदी ओळीने दिवसांच्या आहेत म्हणून डर्बिन-वॉटसन चाचणीही (एका ओळीचा रेसिड्युअल आधीच्या ओळीशी जोडलेला आहे का, हे बघणारी) बहुतेक गट लावतात. लावावी, पण १११ ओळींत शेजारच्या दोन ओळी म्हणजे शेजारचे दोन दिवस असतीलच असं नाही. २० जूनच्या खालची ओळ थेट १ जुलैची आहे.

‘पावसाळ्यात ओझोन वाढला’

जुलै आणि ऑगस्टमध्ये ओझोन सर्वाधिक, हे बघून मराठी मुलाच्या हातून हे वाक्य हमखास निसटतं. न्यूयॉर्कचे जुलै-ऑगस्ट हा तिथला ऐन उन्हाळा. जमिनीलगतचा ओझोन थेट कुठल्या धुराड्यातून बाहेर पडत नाही. नायट्रोजन ऑक्साइड आणि बाष्पनशील सेंद्रिय संयुगं यांच्यावर ऊन पडून तो तयार होतो. ऊन आणि उष्णता त्याला वाढवतात, वारा पांगवतो. समीकरणातली अधिक-उणे चिन्हं याच्याशी जुळतात का, हे आधी पाहावं, पी-मूल्य नंतर.

हाच प्रकल्प पुण्याच्या किंवा मुंबईच्या नोंदींवर करायचा तर न्यूयॉर्कचे सहगुणक इथे लागू पडणार नाहीत. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ढग असतात, पाऊस हवा धुऊन काढतो आणि ओझोनचे दिवस मार्च-मेकडे सरकतात. पाऊस हा रकाना मिळवावा लागेल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या केंद्रांवर ओझोन मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये मिळतो. २५ सेल्सिअसला १ पीपीबी म्हणजे १.९६ मायक्रोग्रॅम. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत आठ तासांसाठी १०० आणि एका तासासाठी १८० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. न्यूयॉर्कचे १६८ पीपीबी या हिशेबाने ३२९ मायक्रोग्रॅम होतात. पण ती दोन तासांची सरासरी असल्यामुळे दोन्हींपैकी कुठल्याच मर्यादेशी थेट ताडता येत नाही. केंद्रांच्या नोंदींतही खंड असतातच, कधी सलग कित्येक दिवसांचे. तिथेही पहिलं कोष्टक तेच: महिना, एकूण दिवस, नोंद असलेले दिवस.